घरचें आरोग्य : मूत्रपिंडांची साक्ष

गेल्या महिन्याच्या टपालांत आलेलें एका भगिनीचें पत्र आम्हीं या सदरासाठीं मुद्दाम राखून ठेविलें आहे. त्यांच्या सासूबाई सत्तर वर्षांच्या. अंगानें सडपातळ, खाणें मोजकें, दहा वर्षांपासून मधुमेह, परंतु औषधांत खंड नाहीं. पायांवर सूज नाहीं, दम लागत नाहीं, लघवीची कसलीहि तक्रार नाहीं. या खेपेस त्यांचें रक्त तपासलें त्यांत क्रिएटिनिन १.२ निघालें. त्याच आठवड्यांत घरांतील पंचवीस वर्षांच्या नातवाची नोकरीवर रुजू होण्यापूर्वींची तपासणी झाली. त्याचेंहि क्रिएटिनिन १.२ च. दोन्ही आंकडे कागदावर छापलेल्या मर्यादेच्या आंत. पण डॉक्टरांनीं नातवास प्रकृति उत्तम म्हणून निरोप दिला आणि आजीबाईंचीं मूत्रपिंडें निम्म्याच्या आसपास काम करीत आहेत असें सांगून आणखी परीक्षा करावयास लाविल्या. प्रयोगशाळा एक, आंकडा एक, मग न्याय दोन कां, असा या भगिनींचा प्रश्न आहे.

प्रश्न मार्मिक आहे, आणि त्याचें उत्तर एका घरापुरतें नाहीं. आमच्या सुशिक्षित घरांतून अलीकडे तपासण्यांची वाण नाहीं; वाण आहे ती कागद वाचण्याची. ज्या आंकड्यापुढें ठळक अक्षर किंवा तारा छापलेला नाहीं तो आंकडा चांगला, असें धरून कागद कपाटांत जातो आणि पुढच्या वर्षीं दुसरा कागद त्याच्यावर जाऊन बसतो. म्हणून आज या एका आंकड्याचा व त्याच्या दोन-तीन सोबत्यांचा विचार जरा विस्तारानें करूं.

आपले स्नायू काम करीत असतां त्यांतून एक निरुपयोगी द्रव्य रोज बहुतेक ठराविक प्रमाणांत रक्तांत उतरतें. त्याचें नांव क्रिएटिनिन. तें बाहेर टाकणें हें मूत्रपिंडांचें काम. मूत्रपिंडें मंदावलीं कीं तें रक्तांत सांचूं लागतें, आणि म्हणून त्याच्या सांठ्यावरून मूत्रपिंडांची शक्ति अजमावतां येते. तें मोजण्याची एक रीत माक्स याफे या जर्मन शास्त्रज्ञाच्या १८८६ सालच्या शोधावर उभी आहे. पिक्रिक आम्लाशीं क्रिएटिनिनचा संयोग होऊन नारिंगी-तांबूस रंग येतो असें त्यानें दाखविलें, आणि इतक्या वर्षांनंतरहि पुष्कळ प्रयोगशाळांत यंत्र हाच रंग मोजीत असतें.

आतां घरांतल्या मोरीचें उदाहरण घ्या. मोरींत चार बोटें पाणी सांचलेलें दिसलें तर मोरी किती तुंबली आहे? नुसत्या पाण्यावरून हें सांगतां येणार नाहीं. वरचा नळ किती सुटला आहे हेंहि पाहिलें पाहिजे. नळ पुरा सोडलेला असतां चार बोटें पाणी दिसलें तर मोरी चांगलीच वाहते आहे. पण नळाला करंगळीएवढी धार असून तितकेंच पाणी सांचलें असेल तर मोरींत खास कांहीं तरी अडकलें आहे. व्यायामानें पिळदार झालेला पंचविशींतला तरुण हा पुरा सोडलेला नळ आहे. सत्तरीच्या कृश बाईंच्या अंगांत स्नायूच थोडे. त्यांच्या रक्तांत क्रिएटिनिन येतें तेंच बारीक धारेनें. तरीहि पातळी १.२ वर गेली याचा अर्थ निचरा कमी झाला आहे.

हा हिशेब मनानें करावयाचा नसतो. त्याकरितां वैद्यकांत सूत्रें बसविलेलीं आहेत. अमेरिकेंत २०२१ सालीं सुधारून घेतलेलें सूत्र सध्यां अनेक ठिकाणीं वापरतात. त्यांत क्रिएटिनिन, वय आणि स्त्री कीं पुरुष एवढ्या तीन गोष्टी घातल्या कीं मूत्रपिंडें दर मिनिटास अदमासें किती मिलिलिटर रक्तद्रव गाळतात हें निघतें. कागदावर तें 'ईजीएफआर' या अक्षरांनीं दिलेलें असतें. आमच्या भगिनींनीं दिलेले आंकडे या सूत्रांत घालून आम्हीं हिशेब केला, तेव्हां नातवाचें उत्तर ८६ आलें आणि आजीबाईंचें ४९. हा आंकडा साठाच्या खालीं तीन महिन्यांहून अधिक काळ राहिला तर त्यास जीर्ण मूत्रपिंडविकार म्हणावें असा आजचा संकेत आहे. पंधराच्या खालीं गेला कीं मूत्रपिंडें निकामी होत आलीं असें समजतात. तेव्हां डॉक्टरांनीं एका आंकड्यास दोन न्याय लाविले नाहींत, न्याय एकच लाविला. माणसें मात्र दोन होतीं.

तरीहि हें सूत्र म्हणजे अदमास आहे, ब्रह्मवाक्य नव्हे. त्याची बांधणी मुख्यतः पाश्चात्य लोकांच्या मोजमापावर झाली. शिजविलेल्या मांसांतूनहि थोडें क्रिएटिनिन रक्तांत येत असतें. आमच्या शाकाहारी घरांत तो भाग नाहीं, आणि अंगकाठीहि बहुधा किरकोळ. म्हणून आमच्याकडे हा आंकडा जरा गोडच बोलतो. आहे त्याहून बरी स्थिति दाखवितो. जेथें संशय राहील तेथें डॉक्टर सिस्टॅटिन सी नांवाच्या दुसऱ्या द्रव्याची परीक्षा सांगतात. तें शरीरांतील सर्वच पेशींतून तयार होत असल्यामुळें स्नायूंच्या कमी-अधिकपणाचा दोष त्यास फारसा बाधत नाहीं. परीक्षा महाग आहे, आणि प्रत्येकास तिची गरज नाहीं.

इतका बिघाड होईपर्यंत शरीर गप्प कसें राहतें, असें पुष्कळांस वाटतें. त्याचें कारण मूत्रपिंडांची शिल्लक मोठी आहे. एकेका मूत्रपिंडांत सुमारें दहा लक्ष गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसास सुमारें १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यांतला जवळजवळ सर्व परत रक्तांत घेऊन दीड-दोन लिटरच मूत्र म्हणून सोडतात. निरोगी मनुष्य एक मूत्रपिंड दान करूनहि वर्षानुवर्षें धडधाकट राहतो, यावरून ही शिल्लक किती हें ध्यानांत येईल. सूज, मळमळ, अन्नावरची वासना जाणें, हीं लक्षणें बहुधा शिल्लक संपत आल्यावरचीं आहेत. लक्षणांची वाट पाहून निदान करूं म्हणणारा मनुष्य या रोगाच्या बाबतींत नेहमीं उशीराच पोहोंचतो.

मूत्र पाहून रोग ओळखण्याची कल्पना आपल्याकडे नवीन नाहीं. चरक व सुश्रुत या दोघांच्याहि संहितांत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितलेले असून त्यांतला मधुमेह हा शब्द आज घरोघर झाला आहे. परंतु मूत्रपिंड आणि हृदय हीं एका दोरींत बांधलेलीं आहेत ही गोष्ट स्पष्टपणें पुढें आली ती लंडनच्या गायज् हॉस्पिटलमध्यें, डॉ. रिचर्ड ब्राइट यांच्या हातून. १८२७ सालीं त्यांनीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. सर्वांगास सूज आलेल्या रोग्यांचें मूत्र ते चमच्यांत घेऊन मेणबत्तीच्या ज्योतीवर धरावयास सांगत. तापतांच तें नासलेल्या दुधासारखें फुटून पांढरें झालें कीं त्यांत अल्ब्युमिन आहे असें ठरे. अल्ब्युमिन हें रक्तांतलें द्रव्य. त्याचें स्थान रक्तांत, मूत्रांत नव्हे. असे रोगी दगावले म्हणजे ब्राइट स्वतः शवविच्छेदन करून पाहत, आणि त्यांस मूत्रपिंडें आक्रसलेलीं, खडबडीत झालेलीं आढळत.

एवढ्यावर ते थांबले असते तरी त्यांचें नांव राहिलें असतें. पण १८३६ सालीं शंभर रोग्यांचा तक्ता मांडतांना आणखी एक गोष्ट त्यांच्या नजरेंतून सुटली नाहीं. मूत्रपिंडें बिघडलेल्या पुष्कळ रोग्यांचीं हृदयें मोठीं झालेलीं होतीं. विशेषतः ज्या डाव्या कप्प्यांतून रक्त सर्व शरीरांत लोटलें जातें त्याची भिंत जाड झालेली होती, आणि यांतल्या कित्येकांच्या हृदयाच्या पडद्यांत कांहींच दोष नव्हता. दूषित रक्तामुळें हृदयास चेव येत असावा, किंवा बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त पुढें ढकलण्यास त्यास अधिक जोर करावा लागत असावा, असा तर्क त्यांनीं केला. हा दुसरा तर्क आज वाचला म्हणजे नवल वाटतें, कारण दंडास पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचें साधन इटलींतल्या रिवा-रोची यांनीं काढलें तें १८९६ सालीं, आणि नळीनें ठोके ऐकून वरचा व खालचा असे दोन आंकडे घेण्याची रीत रशियांतल्या कोरोत्कोव्ह यांनीं सांगितली ती १९०५ सालीं. रक्तदाब हा शब्दहि व्यवहारांत नव्हता त्या काळीं हा गृहस्थ त्याच्या दाराशीं जाऊन उभा राहिला होता.

चमचा आणि मेणबत्ती यांनीं कळतें तें मोठें गळणें. थेंबाथेंबानें होणारें गळणें कळण्यास आणखी सव्वाशें वर्षें जावीं लागलीं, आणि योगायोग असा कीं तें कामहि गायज् हॉस्पिटलमधूनच झालें. १९६३ सालीं हॅरी कीन व त्यांचे सहकारी यांनीं मूत्रांतील अत्यल्प अल्ब्युमिन मोजण्याची रीत बसविली. पुढें १९८२ सालीं विबर्ती व त्यांच्या सोबत्यांनीं आणि १९८४ सालीं डेन्मार्कच्या मोगेनसेन यांनीं मधुमेहाच्या रोग्यांत दाखवून दिलें कीं, आज मूत्रांत हें अत्यल्प अल्ब्युमिन दिसतें आहे त्यांचीं मूत्रपिंडें पुढें बिघडण्याचा संभव फार. मोगेनसेन यांच्या रोग्यांत आणखी एक गोष्ट दिसली. हे उतारवयांतील मधुमेही मूत्रपिंडें निकामी होण्याची वाट पाहत बसत नव्हते. त्यांपैकीं पुष्कळ जण त्याआधींच जात होते, आणि बहुतेक हृदयविकारानें.

याची उपपत्ति डेन्मार्कमधल्याच डेकर्ट प्रभृतींनीं १८८९ च्या बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे १९८९ सालीं मांडली. रक्तवाहिन्यांस आंतून एक नाजूक अस्तर असतें. तें मूत्रपिंडांत झिजलें म्हणजे अल्ब्युमिन गळतें. पण अस्तर कांहीं मूत्रपिंडांपुरतें निराळें विणलेलें नसतें. धोतर एके ठिकाणीं विरलेलें दिसलें कीं तें सगळेंच जुनें झालें असें आपण समजतों, तशांतला हा प्रकार. हृदयाच्या किंवा मेंदूच्या वाहिन्यांचें अस्तर सहजासहजीं पाहतां येत नाहीं. मूत्रपिंड मात्र आपल्या अस्तराची हकीकत रोज सकाळीं बाहेर पाठवीत असतें. ती वाचावयाची कीं नाहीं एवढेंच आपल्या हातीं.

ही हकीकत मधुमेहाच्या रोग्यांपुरतीच खरी असेल अशी शंका पुष्कळ दिवस होती. हॉलंडांतील ग्रोनिंगन शहरीं १९९७-९८ च्या सुमारास नागरिकांस पत्रें धाडून सकाळचें थोडें मूत्र पाठविण्याची विनंति करण्यांत आली, आणि चाळीस हजारांहून अधिक लोकांनीं तें पाठविलें. (लोकांनीं टपालानें काय पाठवावें याला डच लोकांत मर्यादा दिसत नाहीं, पण शास्त्राचें काम झालें.) त्यांच्यावर नजर ठेवल्यावर २००२ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, अल्ब्युमिन जसजसें वाढतें तसतसा हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारानें मृत्यु येण्याचा धोका वाढतो, आणि हा धोका सामान्य लोकांतहि दिसतो. पुढें अनेक देशांतील माहिती एकत्र करून २०१० सालीं जें संशोधन झालें त्यांतून हेंहि ठरलें कीं, गाळण्याचा वेग आणि गळणारें अल्ब्युमिन या दोन स्वतंत्र साक्षी आहेत. एक चांगली म्हणून दुसरी चांगलीच असेल असें नाहीं. दोन्ही घ्याव्या लागतात.

या दुसऱ्या परीक्षेंत मूत्रांतील अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचें प्रमाण काढितात. प्रमाण काढण्याचें कारण उघड आहे : तांब्याभर पाणी पिऊन आलेल्या मनुष्याचें मूत्र पातळ असतें, नुसतें अल्ब्युमिन मोजलें तर फसगत होईल. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागें ३० मिलिग्रॅमच्या आंत अल्ब्युमिन असलें तर ठीक. ३० ते ३०० म्हणजे सावधगिरीची सूचना. ३०० च्या वर म्हणजे रोग स्पष्ट. येथें एक गोष्ट वाचकांनीं नीट लक्षांत घ्यावी. लघवीच्या नेहमींच्या तपासणींत अल्ब्युमिनपुढें 'नील' असें लिहिलेलें असतें, तें रंग बदलणाऱ्या पट्टीवरून. ती पट्टी थोड्या गळतीला दाद देत नाहीं. 'नील' पाहून निर्धास्त झालेल्या कित्येकांचें प्रमाण वेगळें काढलें तर तें तिसाच्या वर निघतें. म्हणून मधुमेह किंवा रक्तदाब असणारानें ही परीक्षा वर्षांतून एकदां नांव घेऊन मागून घ्यावी.

नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा उत्तम. ताप असतां, लघवींत जंतूंचा दाह असतां, आदल्या दिवशीं दमछाक होईपर्यंत श्रम केले असतां, किंवा बायकांनीं विटाळाच्या दिवसांत ही परीक्षा करूं नये. आंकडा विनाकारण वाढतो. आणि एकदां वाढलेला दिसला म्हणून लगेच घाबरूंहि नये. तीन महिन्यांच्या अवधींत तीन नमुन्यांपैकीं दोन वाढलेले निघाले तरच तें खरें धरितात.

आतां थोडें अप्रिय लिहितों. आमच्या घरांतून कोणाची परीक्षा होते आणि कोणाची होत नाहीं? कर्त्या पुरुषाच्या कागदांचें बाड असतें. नोकरीच्या निमित्तानें त्याची वर्षाची तपासणी होते, विम्याच्या निमित्तानें होते, आणि छातींत चमक आली तर सारें घर उभें राहतें. बाईमाणसाचे कागद मात्र शेवटच्या बाळंतपणाशीं थांबतात. पुढें साठीपर्यंत तिला कोणी दंडास पट्टा बांधून घे असें म्हणत नाहीं, आणि ती स्वतः म्हणण्याची गोष्टच नको. सर्वांचीं पानें वाढून होईपर्यंत जी आपली भूक सांगत नाहीं ती आपलें डोकें जड आहे हें काय सांगणार! मग एके दिवशीं चक्कर येऊन पडली म्हणजे रक्तदाब दोनशेंवर सांपडतो.

यांत आणखी एक वर्म आहे, तें पुष्कळ डॉक्टरांच्याहि विचारण्यांतून राहून जातें. गरोदरपणाच्या उत्तरार्धांत जिचा रक्तदाब वाढला, लघवींत अल्ब्युमिन गेलें, हातापायांस सूज आली, तिचें बाळंतपण पार पडल्यावर तें दुखणें संपलें असें घरांतील सर्वांस वाटतें. तें संपत नाहीं. अशा स्त्रियांस पुढील आयुष्यांत हृदयविकार होण्याचा धोका इतरांच्या सुमारें दुप्पट असतो, आणि मूत्रपिंडविकाराचा संभवहि वाढतो. गरोदरपणापुरता मधुमेह होऊन गेला असेल तर तोहि पुन्हां येण्याची दाट भीति असते. तेव्हां ज्या घरांत अशी सून, लेक किंवा जाऊ आहे तेथें तिचा रक्तदाब, साखर आणि मूत्रांतील हें प्रमाण चाळिशीची वाट न पाहतां दरवर्षीं पाहिलें पाहिजे. बाळंतपणाचे जुने कागद बारशाच्या फोटोबरोबर जपून ठेवावे. पंचवीस वर्षांनीं डॉक्टरांस त्यांचा उपयोग होईल.

भारतांत जिवंतपणीं मूत्रपिंड देणाऱ्यांत संख्या बायकांची अधिक आणि घेणाऱ्यांत पुरुषांची अधिक, ही गोष्ट या क्षेत्रांत काम करणारे सर्व जण जाणतात. पत्नी देते, आई देते. त्यांच्या त्यागाविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु जिचें मूत्रपिंड घरानें घेतलें तिच्या उरलेल्या एका मूत्रपिंडाची परीक्षा पुढें दरवर्षीं कोण करवितो, हें घरांतील पुरुषांनीं एकदां एकमेकांस विचारून पाहावें.

रक्तदाबाविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. यंत्रें घरोघर आलीं आहेत. फक्त तें बांधण्यापूर्वीं पांच मिनिटें स्वस्थ बसावें, अर्धा तास आधीं चहा घेऊं नये, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीवर असावा आणि मापन चाललें असतां बोलूं नये. आमच्याकडे हा शेवटचा नियम पाळला जाणें सर्वांत कठीण. घरीं घेतलेल्या आंकड्यांची सरासरी १३५ व ८५ यांच्या वर राहूं लागली तर डॉक्टरांस दाखवावी. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरांच्या वर गेला तर वजन बेताचें आहे या समाधानांत राहूं नये. हातपाय काटकुळे आणि चरबी पोटांत ही आम्हां लोकांची ठेवणच आहे, आणि ती जन्मतःच दिसते हें पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. याज्ञिक यांच्या संशोधनानें जगापुढें आणलें. रक्तांतील चरबीच्या परीक्षा सर्वांस माहीत आहेत. त्यांत एकीची भर घालतों : लायपोप्रोटीन (ए). हिचा आंकडा बहुतांशीं वारशानें ठरतो व फारसा बदलत नाहीं, म्हणून ती जन्मांत एकदां केली तरी पुरे. ज्या कुळांत काका-मामा पन्नाशीच्या आंत हृदयविकारानें गेले आहेत तेथें तर ती अवश्य करावी.

रोग कळून उपयोग काय, औषध तर नाहींच, असें म्हणणारे वडीलधारे अजून भेटतात. त्यांचें म्हणणें एके काळीं खरें होतें. आज तें खरें नाहीं. लोसार्टान वर्गांतील गोळ्या रक्तदाब उतरवितात, आणि मधुमेही रोग्यांत मूत्रपिंडांचा ऱ्हासहि मंद करितात हें २००१ सालींच सिद्ध झालें. त्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन पहिल्या कांहीं आठवड्यांत किंचित् चढतें. तें पाहून गोळी आपल्या मनानें बंद करणारे पुष्कळ असतात आणि तें अगदीं उलट आहे. चढ किती झाला तो डॉक्टरांस दाखवून त्यांच्या विचारानें चालावें. दुसऱ्या वर्गाची गोष्ट मौजेची आहे. सफरचंदाच्या झाडाच्या सालींतून १८३५ सालीं एक कडू द्रव्य निघालें. त्याच्या सेवनानें लघवींतून साखर जाते असें पुढें दिसून आलें, म्हणून तें मधुमेह उत्पन्न करणारें द्रव्य समजलें गेलें. त्याच द्रव्याच्या धर्तीवर पुढें मधुमेहावरचीं औषधें बनलीं, आणि २०१९ व २०२० सालांतील मोठ्या प्रयोगांत असें आढळलें कीं, तीं मूत्रपिंडांस वांचवितात आणि हृदयावरचा भारहि हलका करितात. त्यांतलें डापाग्लिफ्लोझिन तर मधुमेह नसलेल्या मूत्रपिंडरोग्यांसहि लागू पडलें. एका औषधानें दोन्ही अवयवांस आराम पडावा, ही ब्राइट यांच्या निरीक्षणास मिळालेली पावतीच होय. औषध कोणास कोणतें हें ठरविणें मात्र चिकित्सकाचें काम, या पानाचें नव्हे.

घरानें करावयाचें तें निराळें आहे, आणि त्यांत पहिली गोष्ट गुडघेदुखीच्या गोळ्यांची. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन वगैरे वेदनाशामक गोळ्या आजीबाईंच्या बटव्यांत सुपारीबरोबर असतात. त्या मूत्रपिंडांकडे जाणारा रक्ताचा ओघ कमी करितात. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतां, जुलाब-उलट्या झाल्या असतां किंवा उन्हाळ्याच्या तलखींत तर विशेषच. आपल्याकडचीं गिधाडें नाहींशीं झालीं त्याचें मुख्य कारण हेंच डायक्लोफेनॅक होतें. गुरांस तें टोचलें जाई, मेलेलें गुरूं गिधाडें खात आणि मूत्रपिंडें निकामी होऊन मरत, हें २००४ सालीं उघडकीस आलें आणि २००६ सालीं भारतांत गुरांसाठीं तें बंद करण्यांत आलें. माणूस गिधाडाइतका नाजूक नाहीं हें खरें. म्हणून वर्षानुवर्षें रोज दोन गोळ्या घ्याव्या असें मात्र नव्हे.

दुसरी गोष्ट मिठाची. दिवसास पांच ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा भरेल त्याहूनहि कमी, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. आमच्या पानाची डावी बाजूच तेवढी भरते. लोणचें, पापड, सांडगी मिरची आणि वर ताकांत चिमूटभर. उपवासाचें सैंधव निराळें असा समज आहे, पण तेंहि बहुतांशीं तेंच मीठ. बाजारांत 'कमी सोडियमचें' म्हणून मिळणारें मीठ तर मूत्रपिंडाच्या रोग्यानें डॉक्टरांस विचारल्याशिवाय घेऊंच नये, कारण सोडियमच्या जागीं त्यांत पोटॅशियम घातलेलें असतें, आणि तें बाहेर टाकण्याची शक्ति या रोग्यांत कमी झालेली असते. अशक्त माणसास म्हणून प्रेमानें दिल्या जाणाऱ्या शहाळ्याच्या पाण्यासहि हीच हरकत आहे. पुष्कळ पाणी प्याल्यानें मूत्रपिंडें धुऊन निघतात ही तर भाबडी समजूत. २०१८ सालीं कॅनडांत रोग्यांस मुद्दाम अधिक पाणी पाजून वर्षभर पाहिलें, मूत्रपिंडांचा ऱ्हास त्यानें थांबला नाहीं.

या विषयावर ज्यांस आणखी विचारावयाचें असेल त्यांनीं पत्रांत रक्ताचा नुसता आंकडा लिहूं नये. वय, स्त्री कीं पुरुष, उंची, वजन, चालू असलेल्या सर्व गोळ्या, आणि स्त्रियांच्या बाबतींत बाळंतपणांत रक्तदाब किंवा साखर वाढली होती काय, इतकें कळवावें. मूळ कागद पाठवूं नयेत, नक्कल पुरे.